मुलांना दोन्ही हवं असतं

“मुलांनाच व्याकरण हवं असतं हो, बोलायला सांगितलं की गप्प बसतात.” इंग्रजी शिकवणाऱ्यांमध्ये हे वाक्य इतक्या सहज बोललं जातं की त्यावर कुणी थांबत नाही. मला ते अजूनही खुपतं. संवादातून शिकवायचं की जुन्या व्याकरण-भाषांतराच्या वाटेनं, असं महाविद्यालयातल्या मुलांना विचारलं तर माझ्या कानावर येणारं उत्तर बहुधा दुहेरी असतं. बोलता आलं पाहिजे, पण नियम मराठीतून समजावून सांगा आणि उत्तरंही लिहून द्या. मुलं गोंधळलेली आहेत असं म्हणून आपण ते बाजूला सारतो. मला मात्र या वादातलं सर्वांत नेमकं म्हणणं तेच वाटतं. आपण त्यांना पद्धतीबद्दल विचारतो आणि ती परीक्षेबद्दल सांगत असतात.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे प्रथम वर्षाला येणारं मराठी माध्यमाचं मूल बारा वर्षं ही भाषा शिकून आलेलं असतं. त्या वर्षांत काय झालं ते पाहायचं तर सूचनेप्रमाणे वाक्य बदलण्याचा प्रश्न घ्यावा. ‘ही इज टू वीक टू वॉक’ दिलं की पहिलं ‘टू’ काढायचं, तिथे ‘सो’ घालायचं, मग ‘दॅट’ आणि पुढे ‘ही कॅनॉट वॉक’. ‘टू’ दिसलं की हात आपोआप चालतो. कोण अशक्त आहे, त्याला चालता येत नसेल तर आपण त्याला काय म्हणू, हे कुणी विचारत नाही. वाक्य बरोबर आलं, गुण मिळाला. बारावीला लेखी ८० आणि तोंडी २०; पण तोंडीचे गुण सढळ हातानं पडतात हे मुलांना पक्कं ठाऊक असतं. बोलण्याला किंमत नाही हे त्यांना आपणच शिकवलेलं आहे. मग गटचर्चेच्या तासाला एखाद्यानं “सर, हे परीक्षेला आहे का?” असं विचारलं तर त्याला आळशी का म्हणायचं? त्यानं व्यवस्था बरोबर ओळखली आहे.

यावर कुणी म्हणेल, संवादाच्या पद्धतीत व्याकरणाला जागाच नाही, म्हणून मुलं बिचकतात. तसं नाही. भाषाशिक्षणाचे अभ्यासक कनाल आणि स्वेन यांनी १९८० साली संवादक्षमतेचे घटक मांडले, त्यांत व्याकरणाची जाण होतीच. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: शंभरावर मुलांच्या तुकडीत संवाद घडवायचा कसा? पण भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांचा बंगळूर प्रकल्प १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतल्या साध्या शाळांतच चालला. तिथे मुलांना रेल्वेचं वेळापत्रक देत आणि त्यावरून विचार करून उत्तर काढायला लावत. फाडफाड बोलणं हा हेतू नव्हता. डोकं अर्थामध्ये गुंतलं की भाषा मागून रुजते, हा त्यामागचा विचार होता. वेळापत्रक शंभर मुलांनाही देता येतं. मात्र शंभर मुलांची तोंडी परीक्षा एकट्या प्राध्यापकानं प्रामाणिकपणे घेणं आजच्या वेळापत्रकात बसत नाही, आणि याला माझ्यापाशी उत्तर नाही.

राहिला मराठीचा प्रश्न. मुलांची ही मागणी म्हणजे कुबडी आहे असं मी बरीच वर्षं मानत आलो. आता मानत नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्याकडे पिढ्या इंग्रजी शिकल्या. त्यांचं अडलं ते मराठीमुळे नव्हे, भाषांतरापाशीच थांबल्यामुळे. वर्गात उच्चार चुकला की मागच्या बाकावरून हसू येतं, आणि गावाकडून आलेली मुलगी पुन्हा सहामाहीभर तोंड उघडत नाही. आधी शेजारणीशी मराठीत मुद्दा जुळवायची मुभा दिली तर तिची निम्मी भीती तिथेच सरते. मराठीला दार उघडलं की सगळा तासच मराठीत जातो, ही तक्रारही खरी आहे; असे तास होतात आणि ते वाया जातात. तरीही दोन मिनिटं मराठीत बोलून मग तीन मोडकी इंग्रजी वाक्यं उभं राहून म्हणणारी मुलगी मला हवी आहे, भले त्यापायी तासाचा अर्धा वेळ मराठीत जावो.