गिअर बिघडला की आधी स्क्रूला हात नको

चि. बाळ,


मधल्या गिअरांवर खडखड, चढावर साखळी आपोआप चकती बदलते, सायकल दुकानात नेली की साखळी सरकवणाऱ्या डिरेलरवरचे दोन बारीक स्क्रू फिरवून मिळतात आणि आठवड्यात पुन्हा तेच. तू लिहिलेली ही लक्षणं पावसाळाभर कोकणातल्या लाल चिखलात फिरलेल्या माउंटन बाइकला हमखास दिसतात. पण त्या दोन स्क्रूंचा या दुखण्याशी संबंधच नाही. एकावर एच असतो, दुसऱ्यावर एल. डिरेलरने सर्वांत लहान चकतीच्या बाहेर आणि सर्वांत मोठीच्या आत जाऊ नये, एवढी हद्द ते आखून देतात. मागच्या 9 चकत्यांपैकी मधल्या 7 चकत्यांवर त्यांची सत्ता चालत नाही, आणि एकदा नीट लावले की ते सहसा आपणहून हलतही नाहीत. उलट एल नको तितका सैल केला, तर साखळी मोठ्या चकतीवरून उडून स्पोकमध्ये अडकते. तेही कधी, तर चढावर उभं राहून जोर लावलेला असताना. म्हणून दुकानदाराला सांगायचं, स्क्रूला शेवटी हात लाव.

जुन्या माउंटन बाइकवर असली कटकट फारशी नव्हती. 1970च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या माउंट तमालपैसच्या उतारांवर जाड टायरच्या जुन्या सायकली पळवणाऱ्या मंडळींनी वर चढण्यासाठी त्यांना गिअर बसवले, तेव्हा खटके नव्हते. अंगठ्याने दांडी सरकवायची, खडखड थांबली की आपणही थांबायचं. केबल थोडी सैल पडली किंवा गंजली तरी अंगठा सांभाळून घेई. मग 1984 साली शिमानोने ड्युरा-एस या शर्यतीच्या संचात एका खटक्याला एक गिअर ही पद्धत आणली. त्या संचातल्या डिरेलरची तिरपी ठेवण मुळात सनटूर कंपनीच्या नोबुओ ओझाकी यांनी 1964 मध्ये काढलेली. तिच्यामुळे डिरेलरची वरची पुली लहान-मोठ्या सगळ्या चकत्यांपासून जवळपास सारख्याच अंतरावर राहते. काही वर्षांतच खटक्यांचे गिअर माउंटन बाइकवरही आले. तेव्हापासून अंगठ्याकडचं काम केबलकडे गेलं.

आणि केबलला चूक खपत नाही. शिमानोच्या 9 गिअरच्या संचात एका खटक्याला केबल सुमारे 2.5 मिलिमीटर ओढली जाते, आणि डिरेलर त्याच्या साधारण 1.7 पट सरकतो. दोन चकत्यांमधलं अंतर 4.35 मिलिमीटर. केबल अर्धा मिलिमीटर जरी कमी ओढली गेली, तरी साखळी आपल्या जागेपासून जवळजवळ एक मिलिमीटर चुकते. वरची पुली आडवी किंचित हलते, ती एवढ्यासाठीच. बारीकसारीक चूक पोटात घालून साखळी दातांवर बसावी, म्हणून ती मुद्दाम सैल ठेवलेली असते. पुष्कळ जण तिला झिजलेली समजून बदलतात.

तेव्हा पहिला प्रश्न असा की गिअर कोणत्या बाजूला जायला कुरकुरतो. मोठ्या चकतीवर चढवताना केबल ओढते, लहानवर उतरताना फक्त डिरेलरची स्प्रिंग ओढते. लहानकडे जाताना साखळी रेंगाळत असेल तर केबल आऊटरमध्ये, म्हणजे तिच्या बाहेरच्या नळीत, अडते आहे, कारण स्प्रिंगला ते घर्षण पेलवत नाही. मोठीवर चढायला आळस करत असेल तर केबल सैल आहे. त्याला केबलचा ताण बदलणारा बॅरल ॲडजस्टर पाव फेरा उलटा, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध फिरवायचा, पेडल मारून पाहायचं, लागलाच तर आणखी पाव. नवी केबल टाकल्यावर पहिल्या काही दिवसांत असं होतंच, कारण आऊटरची टोकं आपापल्या जागी दबून बसतात.

अडणारी केबल उघडून बघण्याची एक सोपी युक्ती आहे. मागचं चाक उचलून पेडल फिरवत साखळी सर्वांत मोठ्या चकतीवर न्यायची. मग पेडल थांबवायचं आणि चाक न फिरवता शिफ्टरचे सगळे खटके लहानकडे सोडायचे. केबल लोंबते. फ्रेमवरच्या खाचांमधून आऊटरचे तुकडे सहज बाहेर येतात आणि तार उघडी पडते. डिरेलरजवळचा शेवटचा वळसा बघ. तो सर्वांत खाली असतो, चाकाने उडवलेलं पाणी तिथेच शिरतं. तारेवर विटकरी पूड आणि गंजाची खरखर दिसली, तर तो तुकडा पुसत बसू नकोस, तारेसकट नवा घाल. आत जाड ग्रीस तर मुळीच भरू नकोस, त्याला माती चिकटते. आणि आऊटर गिअरचाच हवा. ब्रेकच्या आऊटरमध्ये तारेची गुंडाळी असते, ती दाबली की आखडते आणि खटक्याचा हिशोब चुकतो.

नवी केबल घालूनही काही गिअर सरळ आणि काही वेडे राहिले, तर संशय हँगरवर. डिरेलर ज्यावर बसतो तो ॲल्युमिनियमचा छोटा तुकडा मुद्दाम मऊ केलेला असतो, आपटल्यावर फ्रेमऐवजी तो वाकावा म्हणून. सायकल उजव्या अंगावर पडली की तो वाकतो. एसटीच्या टपावर किंवा टेम्पोत ती उजव्या अंगावर आडवी टाकली तरीही. आधी मागचं चाक खाचेत पूर्ण बसलंय ना, ते पाह. मग मागे बसून एक डोळा मिटून बघ. दोन्ही पुल्या चकतीच्या रेषेत उभ्या हव्यात. खालची पुली स्पोककडे झुकली असेल तर हँगर वाकला आहे, आणि मग केबल कितीही ताणली तरी एक गिअर सुधारतो, दुसरा बिघडतो. तो सरळ करायचं हत्यार चाकाच्या कडेला टेकवून चारही बाजूंनी मोजतात. फरक 3-4 मिलिमीटरच्या आत आणायचा. हाताने वाकवू नकोस. आटे जातात, नाही तर तुकडाच मोडतो.

जोर लावला की साखळी घसरते, पण निवांत चालवताना नाही, आणि तेही नेहमीच्या आवडत्या दोन-तीन चकत्यांवरच, तर ती झीज. पोलादी पट्टीने साखळीच्या एका पिनेपासून 12 इंच मोज. नवीन साखळीत तिथे बरोबर पिन येते. पिन अर्धं सूत पुढे गेली तर साखळी बदल. एक सूत गेली, तर बहुधा कॅसेट, म्हणजे चकत्यांचा संचही, जाते, कारण झिजलेल्या दातांवर नवी साखळी घसरतेच.

पण हँगर वाकलेला निघाला, तर खरी पंचाईत म्हणजे तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा. 2019 मध्ये स्रॅमने सर्वांसाठी एकच आकार पुढे केला, बऱ्याच कंपन्यांनी तो घेतलाही, पण तुझी फ्रेम त्याच्या आधीची आहे. म्हणून हँगर काढून कागदावर ठेव, भोवती पेन्सिल फिरव, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर मोजून लिही आणि तो कागद इकडे पाठव. पुण्यात जुळणारे दोन शोधतो, एक लावायला आणि एक पिशवीत ठेवायला. ते येईपर्यंत सर्वांत मोठ्या चकतीवर साखळी चढवू नकोस. वाकलेल्या हँगरवर डिरेलर स्पोकला किती जवळ येतोय, याचा काही भरवसा नाही.

तुझा,
मामा