तापांतील नाडी

माणगंगेच्या कांठीं म्हसवडास आमचें बालपण गेलें. तेथें घरांत कोणास ताप चढला म्हणजे उपाय एकच असे: अंगावर घोंगडें घालावें, त्यावर दुसरें घालावें आणि घाम फुटण्याची वाट पाहावी. कपाळास हात लावून ताप सर्वच पाहत. नाडी मात्र सहसा कोणी पाहत नसे.

आमचा धाकटा बंधु ३४ व्या वर्षीं अशाच तापांत, घोंगड्याखालीं, झोपेंतच गेला. प्रकृति धट्टीकट्टी, ताप अवघा दोन दिवसांचा. "त्याची दोरी तेवढीच होती," असें लोक म्हणाले. आम्हीही तेंच म्हणालों.

ज्वरांत नाडी उष्ण व वेगवान होते, हें शार्ङ्गधरानें सांगून ठेविलेंच आहे. आधुनिक वैद्यक त्यास अंक देतें: शरीराचें उष्णमान एक अंश सेल्सिअसनें वाढलें कीं हृदयाचे ठोके मिनिटास सुमारें १० नें वाढतात. हें स्वाभाविक होय. वेग वाढला तरी ताल सुटत नाहीं. तथापि हा ताल हृदयपेशींच्या सूक्ष्म द्वारांतून होणाऱ्या सोडियम-पोटॅशियमादिकांच्या ये-जेवर अवलंबून असतो, आणि हीं द्वारें उष्णतेच्या चढउतारास वश असतात. शरीर २८ अंशांखालीं गारठलें तर हृदय ठोके विसरून नुसतें थरथरूं लागण्याचें भय असतें. उलटपक्षीं, कांहीं कुळांत सोडियमच्या द्वारांत जन्मतःच दोष असतो आणि ताप तो उघडा पाडतो. १९९२ सालीं पेद्रो व जोसेप ब्रुगाडा या बंधूंनीं वर्णिलेली व्याधि ती हीच. असा रोगी एरव्हीं निरोगी दिसतो, कार्डिओग्रामही कित्येकदां निर्दोष येतो. तापांत मात्र खूण उमटते. मृत्यु येतो तो बहुधा विश्रांतींत वा झोपेंत.

गतवर्षीं बंधूच्या मुलास ताप आला. डॉक्टरांनीं तापांतच कार्डिओग्राम काढविला, आणि त्यांत ती खूण निघाली. आतां ताप येतांच औषधानें तो उतरविणें व विलंब न लावितां डॉक्टरांकडे जाणें, हें त्याचें पथ्य आहे. बंधूसही तेंच झालें असें आम्ही म्हणूं शकत नाहीं. त्याचा आलेख कोणी काढलाच नव्हता. बहुतेक ताप निरुपद्रवी असतात, हेंही खरें. परंतु ज्या घरीं असा अकस्मात् मृत्यु घडला आहे, त्या घरानें तरी तापास क्षुल्लक लेखूं नये.

आमच्या भावजयीनें तें घोंगडें अद्याप घडी करून माळ्यावर ठेविलें आहे. त्या रात्रीं तें त्याच्या अंगावर आम्हींच घातलें होतें.