शुगर हिलवरील भाड्याचे घर

२०२४ सालच्या बुद्धपौर्णिमेच्या आठवड्यात आम्ही न्यूयॉर्कच्या हार्लेममधील शुगर हिल या भागात भाड्याच्या घरात राहावयास आलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जुनी उंच झाडे, एकमेकांना खेटून उभी असलेली शंभराहून अधिक वर्षांची दगडी घरे, आणि प्रत्येक दारापुढे रस्त्यावरून चढत जाणाऱ्या रुंद पायऱ्या. इमारत जुनी असली तरी आमचे दोन खोल्यांचे घर आतून संपूर्ण नवे होते. ओटा नवा, न्हाणीघर नवे, भिंतींना ताजा पांढरा रंग. भाडे महिना ३,४०० डॉलर. या शहराच्या रिवाजाप्रमाणे वार्षिक उत्पन्न मासिक भाड्याच्या चाळीसपट असल्याचे कागद आम्ही दिले, एका महिन्याची अनामत दिली, दलालाचे पैसे दिले आणि किल्ल्या हाती घेतल्या.

हा भाग निवडण्यामागे आमचे एक भावनिक कारण होते. बाबासाहेब १९१३ साली ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकावयास आले, ते येथून दोन मैलांच्या आत आहे. त्याहून जवळ, एजकोम्ब अॅव्हेन्यूवर, ४०९ क्रमांकाची तेरा मजली इमारत आहे. कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस १९४०च्या दशकात तेथे राहत. पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झालेले थर्गूड मार्शल हेही त्याच इमारतीचे रहिवासी होते. १९४६ साली बाबासाहेबांनी ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले आणि कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निवेदनाची प्रत मागितली. ड्यू बॉईस यांनी त्याच वर्षी जुलैअखेरीस आस्थेने उत्तर पाठविले. दोन पीडित समाजांमधील ते पत्र आठवत आम्ही या इमारतीवरून अनेकदा गेलो आहोत.

घराविषयी आमचे मन इतके हळवे का, हे या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. अमेरिकेत आल्यावर आमचे पहिले बिऱ्हाड न्यू जर्सीत, एका मराठी कुटुंबाच्या घरातील वरच्या मजल्यावर होते. आडनाव ऐकून त्यांनी गाव विचारले, गाव ऐकून आणखी काही विचारले. आम्ही सरळ उत्तरे दिली. पहिल्या रविवारी भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर लागली. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात "आमचा भाचा यायचा आहे, तुम्ही दुसरीकडे बघा," असा निरोप आला. तो भाचा पुढे कधी आल्याचे आमच्या ऐकिवात नाही. त्या रात्री सामान बांधताना आम्हां उभयतांना बडोद्याची आठवण झाली. १९१७ साली परदेशी शिक्षण घेऊन परतलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहावयास जागा मिळेना. पारशी नाव धारण करून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला, आणि राज्याच्या सेवेत असलेल्या त्या विद्वानाला मुंबईच्या गाडीची वाट पाहत सार्वजनिक बागेत तास काढावे लागले. आमच्या वाट्याला लाठ्या आल्या नाहीत, केवळ एक भाचा आला. शंभर वर्षांत एवढा फरक पडला, असे म्हणून आम्ही हसलो. पण ते हसणे खरे नव्हते.

म्हणून शुगर हिलवर आडनावाचा अर्थ कोणी विचारला नाही, याचेच आम्हांस अपार सुख झाले. तळमजल्यावर सत्तरी ओलांडलेल्या एक कृष्णवर्णीय आजी राहतात. आमची लेक त्यांच्याकडे ये-जा करू लागली. एकदा त्या आमच्याकडे चहाला आल्या आणि तसबिरीकडे पाहून म्हणाल्या, "हे निळ्या कोटातले गृहस्थ तुमचे आजोबा का?" आम्ही बाबासाहेबांविषयी सांगितले, ड्यू बॉईस यांच्या पत्राविषयीही सांगितले. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. मग खिडकीजवळच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तिथे तिचा पियानो असायचा."

ती म्हणजे आमच्या आधीची भाडेकरू. निवृत्त परिचारिका. या घरात तिने एकतीस वर्षे काढली. २०२१ साली मालकाने थोडी रक्कम पुढे केली. हिवाळ्यात उष्णतेची यंत्रणा वारंवार बंद पडे, छत गळे, दुरुस्तीस कोणी येत नसे. अखेरीस ती रक्कम घेऊन दक्षिणेत बहिणीकडे निघून गेली. त्यानंतर हे घर आतून फोडून नवे करण्यात आले. आजींच्या बोलण्यात आमच्यावर ठपका नव्हता. पण त्या दिवसापासून चकचकीत ओट्यावर हात ठेवताना आमच्या मनात काहीतरी खुपू लागले.

त्याच आजींनी आम्हांस राज्याच्या गृहनिर्माण विभागाकडून घराच्या भाड्याचा इतिहास मागविण्यास सांगितले. न्यूयॉर्कमध्ये १९७४ पूर्वी बांधलेल्या आणि सहा किंवा अधिक घरे असलेल्या बहुतेक इमारतींना भाडेनियमन लागू असते. तेथील भाडे मालकाला मनास येईल तसे वाढविता येत नाही. पूर्वी घर रिकामे झाले की भाडे ठरावीक मर्यादेपलीकडे नेऊन ते नियमनातून बाहेर काढण्याची पळवाट होती. जून २०१९च्या कायद्याने ती बंद झाली, आणि नूतनीकरणाच्या नावाखाली होणाऱ्या भाडेवाढीलाही मर्यादा आली. आमच्या इमारतीत आठ घरे आहेत. काही आठवड्यांनी टपालाने कागद आला. परिचारिकेचे शेवटचे नोंदविलेले भाडे १,१४० डॉलर होते. पुढच्या रकान्यात आमचे घर नियमनमुक्त झाल्याची नोंद होती, आणि तिचे साल होते २०२२.

आता प्रश्न आमचा होता. तक्रार करावी, तर मालकाशी वैर. आम्ही व्हिसावर राहणारी माणसे. न्यायालय, वकील या शब्दांनीच छातीत धडधड होते. भाडेकरूने तक्रार केल्यास सूड उगविणे कायद्याने निषिद्ध आहे, हे ठाऊक असूनही ती धडधड थांबेना. "कशाला नसती भानगड? आपल्याला झेपते ना भाडे," असे नागपूरहून फोनवर बाबा म्हणाले. हे बोलणारे बाबा पूर्वी कामगार संघटनेचे काम करीत. ते त्यांचेही त्यांना आठवले असावे, कारण क्षणभर थांबून ते म्हणाले, "तुम्हीच ठरवा."

आम्ही दोन रात्री बोललो. एक गोष्ट आम्हांस स्पष्ट दिसली. आमच्यासारख्यांना गावकुसाबाहेर ठेवणारी व्यवस्था आम्ही जन्मतः ओळखतो; पण येथे, कोणा दुसऱ्याला त्याच्या घराबाहेर काढणाऱ्या व्यवस्थेत, आमचा पगार हे तिचे हत्यार झाले होते. आम्ही कोणावर अन्याय केला नव्हता, तरी त्या अन्यायाचा हप्ता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आम्हीच भरीत होतो. झेपते म्हणून गप्प बसलो, तर १,१४० डॉलरचे घर कायमचे ३,४०० डॉलरचे होणार होते, आणि परिचारिकेसारखे दुसरे कोणी येथे पुन्हा राहू शकणार नव्हते.

आम्ही तक्रार दाखल केली. इमारतीतील भाडेकरूंच्या संघात नाव घातले. त्याच्या सभा आजींच्याच घरात होतात. पहिल्या सभेत कळले की आणखी दोन घरांची कथा आमच्यासारखीच आहे. निकाल अद्याप लागलेला नाही, आणि तो लागण्यास वर्षे जाऊ शकतात. मालकाकडून येणाऱ्या प्रत्येक पत्राने अजूनही पोटात गोळा येतो. आणि जिंकलो तरी ती परिचारिका परत येणार नाही, हेही आम्ही जाणतो.

या मासिकाच्या वाचकांपैकी अनेकजण अशाच जुन्या, झाडांच्या, सुंदर वस्त्यांतून घरे घेत आहेत. त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे: भाडेकरारावर सही करण्यापूर्वी घराचा नवा ओटा पाहा, पण त्या घरात आधी कोण राहत होते हेही विचारा. तेथील कायदा काय म्हणतो ते समजून घ्या. न्यूयॉर्कमध्ये राहत असाल तर भाड्याचा इतिहास मागवा. त्याला पैसे पडत नाहीत.

गेल्या धम्मचक्र प्रवर्तन दिनी आम्ही घरी बुद्धवंदना घेतली. आजी आल्या होत्या. त्रिसरण-पंचशील होईपर्यंत त्या हात जोडून बसल्या. पियानोच्या कोपऱ्यात आता लेकीचे पुस्तकांचे कपाट आहे. जाताना त्यांनी तिला विचारले, "तुम्ही लोक निरोप घेताना काय म्हणता?" तिने सांगितले. दारात थांबून, आपल्या उच्चारात, पण मोठ्या आवाजात त्या म्हणाल्या, "जय भीम."