अंगठा सुटायला हवा

बोलिंगचा चांगला बॉल विकत घेतला, तर त्याला भोकं नसतात. ती वेगळे पैसे देऊन, आपल्या हाताच्या मापानं पाडून घ्यावी लागतात. हे मी फोनवर सांगितलं तेव्हा बाबांना हसूच आवरेना. "काऊन रे, इतका महागाचा गोळा घेतला त भोकं फुकटात पाडून देत नाई का?" घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावात हा खेळ कोणी पाहिलेला असण्याचं कारणच नाही, त्यामुळे हसणं रास्त होतं. पण त्यांनी पुढचा प्रश्न विचारला तो मात्र अगदी नेमका होता. "माप घेतलं कोनं? त्याले हात पाहता येते का?"

त्यांच्या तोंडून हा प्रश्न येणं साहजिक होतं. मृग लागायच्या आधी गावच्या सुतारमामांच्या दारात वखर, डवरे, तिफणी येऊन पडायच्या. कुणाचं रुमणं बदलायचं, कुणाच्या कुऱ्हाडीला दांडा बसवायचा. दांड्यासाठी लाकूड धावड्याचं. सुतारमामा वाकसानं तासता तासता थांबायचे आणि दांडा बाबांच्या हातात द्यायचे. बाबा तो दोनदा हवेत फिरवायचे. "मूठ जाड झाली, हात भरून येईन," म्हणाले की आणखी दोन सालपटं निघायची. दांड्याचं शेवटचं टोक तेवढं मुद्दाम जाड ठेवलेलं असायचं. घामेजल्या हातातून कुऱ्हाड निसटली, तर ती कुणाच्या पायावर जाईल सांगता येत नाही. हातातलं अवजार सुटू नये, ही आमच्याकडची पहिली शिकवण. कपाशीच्या डवरणीत दिवसभर रुमण्यावर दाबून धरलेला हात संध्याकाळी सरळ व्हायला वेळ घ्यायचा. मी शिक्षणासाठी गाव सोडेपर्यंत हे सगळं केलेलं आहे.

बेंगळुरूला नोकरी लागली आणि ऑफिसच्या मंडळींबरोबर बोलिंगला जाऊ लागलो. कुठल्याही सेंटरच्या रॅकवर ठेवलेले बॉल येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांसाठी असतात. त्यामुळे त्यांची भोकं ऐसपैस असतात, मधली दोन बोटं दुसऱ्या पेरापर्यंत आत जातात. सैल भोकातला दहा-बारा पौंडांचा गोळा पडू नये म्हणून माणूस आपसूक अंगठा वाकवतो आणि भोकाच्या आतल्या भिंतीवर पेर रोवून धरतो. माझा हात तर यात तयारच होता. पण काही महिन्यांनी अंगठ्याच्या पेरावर घट्टा आला आणि आतल्या बाजूला, तर्जनीकडच्या अंगाला, मुंग्या यायला लागल्या. मोबाइल धरला तरी तिथे बधिर वाटायचं.

डॉक्टरांनी त्या जागेवर टिचकी मारली आणि कळ थेट अंगठ्याच्या टोकापर्यंत गेली. या दुखण्याला 'बोलर्स थंब' असंच नाव आहे. भोकाची कड अंगठ्याच्या आतल्या बाजूच्या नसेवर सतत घासत राहिली, की नसेभोवती जाड आवरण तयार होतं. उपाय दोन : विश्रांती आणि भोक बदलणं. पहिला उपाय केला. दुसऱ्यासाठी स्वतःचा बॉल घ्यायचं ठरवलं.

मधल्या सुटीच्या काळात मी इतरांचे हात पाहायला लागलो. चर्च स्ट्रीटवरच्या 'अमीबा'त राष्ट्रीय स्पर्धाही झाल्या आहेत. तिथे सरावाला येणाऱ्या पक्क्या खेळाडूंच्या मागे बसलं की बरंच कळतं. हात खाली येतो, बॉल घोट्याजवळून पुढे सरकतो आणि त्याच क्षणी अंगठा बाहेर पडतो. बोटं अजून आतच असतात. अंगठा गेल्यावर क्षणभर सगळा बॉल त्या दोन बोटांवर असतो, आणि तेवढ्यात ती त्याला फिरकी देतात. पुढचा ६० फुटांचा प्रवास, लेनवरच्या तेलावरून घसरणं, शेवटी पिनांकडे वळणं, सगळं त्या फिरकीवर. अंगठा रेंगाळला तर बॉल उचलला जाऊन धप्पकन लेनवर आदळतो. लवकर सुटला तर पायाशीच पडतो. कुऱ्हाडीच्या दांड्यावर वाढलेल्या माझ्या हातानं हे कधी केलंच नव्हतं. इथली पकड धरण्यासाठी होतीच, पण त्याहून जास्त वेळेवर सोडण्यासाठी होती.

बॉल मी १४ पौंडांचा घेतला. १६ पौंडांच्या वर नियमात बसत नाही आणि माझी तेवढी गरजही नव्हती. भोकं पाडणारे गृहस्थ वयस्क होते, हिंदीत बोलायचे आणि बोलण्यापेक्षा हात जास्त बघायचे. आधी त्यांनी घट्टा कुठे आहे ते पाहिलं. मग अंगठा हळूच मागे वाकवून पाहिला. माझा फारसा वाकत नाही. नंतर वेगवेगळ्या मापांची भोकं असलेल्या मापाच्या बॉलमध्ये एकेका भोकात अंगठा घालायला लावला. आत जाताना कातडीला जरा स्पर्श व्हावा, पण ओढावं लागू नये, असं भोक सापडलं. मग अंगठा पूर्ण आत ठेवून बोटं बॉलवर पसरवली आणि पहिल्या पेराच्या रेघेपाशी पेन्सिलची खूण केली. अंगठ्याच्या भोकापासून बोटांच्या भोकापर्यंतचं हे अंतर म्हणजे स्पॅन. आता माझी बोटं पहिल्या पेरापर्यंतच आत जाणार होती, त्यामुळे स्पॅन रॅकवरच्या बॉलपेक्षा बराच लांब निघाला.

खरी गंमत पुढे होती. अंगठ्याचं भोक कुठे पाडायचं हे स्पॅननं ठरतं; ते कोणत्या दिशेला पाडायचं, हे पिचवर ठरतं. भोक नेमकं बॉलच्या केंद्राकडे रोखलं तर पिच शून्य. भोकाचा तळ तळहाताकडे झुकवला तर फॉरवर्ड : बॉल हातात टिकतो, अंगठा उशिरा निघतो. तळ तळहातापासून लांब नेला तर रिव्हर्स : अंगठा चटकन मोकळा होतो. शिवाय भोक डाव्या-उजव्या अंगालाही कलवता येतं. हे मोजतात इंचात, म्हणजे भोकाची रेघ केंद्रापासून किती बाजूनं जाते त्यावरून. बॉलचा व्यास साधारण साडेआठ इंच. हिशेब केला तर १/८ इंचाचा पिच म्हणजे दोन अंशांपेक्षाही कमी तिरकेपणा. एवढ्यानं काय फरक पडतो, असं मला वाटलं होतं.

त्यांनी थेट बॉलमध्ये अंगठ्याचं भोक पाडलं नाही. आधी मोठं भोक पाडून त्यात बदलता येईल असा प्लास्टिकचा ठोकळा बसवला आणि अंगठ्याचं भोक त्या ठोकळ्यात पाडलं. चुकलं तर ठोकळा बदलायचा, बॉल शाबूत. पहिला ठोकळा शून्य पिचचा. लेनवर गेलो आणि पहिल्या फेकीतच अंगठा अडकला. बॉल धाडकन पडला, शेजारच्या लेनवरची मुलं वळून बघायला लागली. आणखी काही फेकींनंतर अंगठ्याच्या मागच्या बाजूला, बुडाशी, लाल रेघ उठली. त्यांनी ती रेघ पाहिली आणि मान हलवली. स्पॅन लांब असेल तर पिच रिव्हर्सकडे न्यावा लागतो, एवढं त्यांनी सांगितलं.

दुसरा ठोकळा १/८ इंच रिव्हर्सचा. आता अंगठा अडकेना, पण बॉल मागे झुलवताना हातातून जातोय की काय, अशी धास्ती वाटायला लागली. धास्ती वाटली की माझा अंगठा आपलं जुनं काम सुरू करायचा. आत वाकायचा, रोवायचा, आणि पेरावरचा तो घट्टा पुन्हा झोंबायला लागायचा. मला वाटलं, आता पुन्हा शून्याकडे जाणार. ते म्हणाले, "हाथ नीचे छोड़ दो. बिलकुल ढीला."

मी हात बाजूला सैल सोडला. ते गुडघ्यावर बसले आणि माझ्या अंगठ्याकडे बघत राहिले. हात लोंबता असताना माझा अंगठा सरळ खाली नसतो, एका अंगाला कलतो. त्यांनी डाव्या हाताशी ताडून पाहिलं. तो कमी कलतो. शेतीकाम केलंय का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. तिसऱ्या ठोकळ्यात रिव्हर्स निम्मा केला, १/१६ इंच, आणि भोक अंगठा कलतो त्या बाजूला १/८ इंच वळवलं. वरची कड घासून चांगली गोल केली. नसेला त्रास देणारी जागा तीच होती.

अंगठा आत घातला आणि काहीच जाणवलं नाही. कुठे टोचलं नाही, कुठे जागा उरली नाही. बॉल लोंबता धरला, अंगठा सरळ ठेवला, तरी तो पडला नाही. भोकाची दिशा आणि अंगठ्याची दिशा एक झाल्यावर बॉलचं वजन अंगठ्याच्या सगळ्या लांबीवर पसरलं होतं; चिमटून धरायचं कारणच उरलं नव्हतं. फेकला, तेव्हा अंगठा कधी बाहेर आला हे कळलं नाही. बोटांवर मात्र बॉल जड लागला आणि फिरला.

ऑस्ट्रेलियाचा जेसन बेलमाँटे अंगठा भोकात घालतच नाही. दोन हातांनी फेकतो आणि पिचचा हा सगळा प्रश्नच निकालात काढतो. आमच्या ग्रुपमधली तरुण मुलं आता तशीच खेळतात. ज्यांना अंगठा वापरायचा आहे, त्यांनी पहिला बॉल घेताना खर्च मापावर करावा, असं मी सांगतो. दोन-तीन गेम खेळून जावं, कारण खेळता खेळता अंगठा सुजतो, आणि थंडीत आखडतो. त्या फरकासाठी भोकात टेपची पट्टी चिकटवता येते, कोन मात्र पट्टीनं बदलत नाही. बॉलची दोन-तीन मॉडेल्स कमी बघितली तरी चालेल. पण माप देताना हात खरोखर सैल सोडावा. आवळलेल्या हाताचं माप दिलं, तर भोकही आवळलेल्या हातासाठीच पडतं, आणि मग तो हात कधी सैल होत नाही.