रिकामी खुंटी

गेल्या वीकेंडला खेडला गेलो होतो. ओटीवर आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीची खुंटी अजून आहे, बंदूक नाही. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा जमा केली असेल, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

"छे रे, त्याआधीच," आजोबा म्हणाले. "रघुवीर घाटाखाली रान हाकलं. डुकराची वाट बघत बसलेलो, निघालं भेकर. मारलं. पोटात पिल्लू होतं. वाटे पडले. माझा वाटा तुझ्या आजीने चुलीवर चढवलाच नाही."

आता डुकरं एका रात्रीत भात लोळवतात. पंच्याऐंशीचे आजोबा शेतातल्या माळ्यावर पत्र्याचा डबा बडवत बसतात. म्हटलं, भोंग्याचं सर्किट करून देतो.

"दे. पण नुसता आवाज हां. तारेत करंट नको."