ऑक्सफर्ड, व्हाया ठाणे

ऑक्सफर्डला जायचंय? मग इस्त्रीचा टॉप काढा. खाली पायजमा चालेल, कॅमेरा तिथवर पोचत नाही. डायनिंग टेबलवरची लोणच्याची बरणी बाजूला सरकवा, तिथे लॅपटॉप ठेवा... पोचलात!

आता तुम्ही म्हणाल, खाण्यापिण्यावरची परिषद आणि तीही ऑनलाइन? म्हणजे लग्नाला जाऊन नुसता अल्बम बघून परत यायचं! शंका रास्त आहे. पण आधी ही परिषद म्हणजे काय ते ऐका.

नाव भारदस्त आहे, 'ऑक्सफर्ड सिम्पोझियम ऑन फूड अँड कुकरी'. सुरुवात मात्र छोटीशी. अ‍ॅलन डेव्हिडसन नावाचे ब्रिटिश मुत्सद्दी ट्युनिसमध्ये नोकरीला होते. तिथल्या बाजारातले मासे बायकोला ओळखता येईनात, म्हणून तिने नवऱ्याला माहिती लिहून द्यायला सांगितलं. साहेबांनी 1963 मध्ये चक्क पुस्तकच काढलं. (माझ्या ओळखीतल्या नवऱ्यांना पापलेट आणि सरंगा एकच, हे सांगूनही पटत नाही.) पुढे 1979 मध्ये डेव्हिडसन आणि इतिहासकार थिओडोर झेल्डिन यांनी ऑक्सफर्डच्या सेंट अँटनीज कॉलेजात खाण्यावर चर्चासत्रं घेतली, त्यातून ही परिषद उभी राहिली. याच डेव्हिडसननी वीस वर्षं खपून लिहिलेला 'ऑक्सफर्ड कम्पॅनियन टू फूड' 1999 मध्ये आला.

मला या परिषदेतली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे इथे प्रोफेसर, शेफ, लेखक आणि नुसतेच हौशी, सगळे एका पंगतीत बसतात. पंगत भरते सेंट कॅथरिन्स कॉलेजात. हे कॉलेज डॅनिश आर्किटेक्ट आर्ने याकोबसेनने असं डिझाइन केलंय की खुर्च्या, दिवे, जेवणाचे काटे-चमचेसुद्धा त्याचेच. पण तिथे जायचं तर व्हिसा, विमानाचं तिकीट आणि भर जुलैत आठवड्याची रजा! ही तिन्ही देवस्थानं एकदम पावणं कठीणच.

जुलै 2020 मध्ये मात्र कोविडमुळे परिषद घरी आली. विषय होता मसाले आणि सुगंधी वनस्पती. ठाण्यात 2 तारखेपासून पुन्हा कडक लॉकडाऊन लागला होता, त्यामुळे जायचं तसंही कुठे नव्हतं. तिकडचे दुपारचे तीन म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. ऑफिसचा कॉल संपवायचा, त्याच खुर्चीत, त्याच हेडफोनने ऑक्सफर्डला निघायचं. ट्रॅफिक नाही, पार्किंग नाही!

प्रवास म्हणाल तर भरपूर झाला. स्क्रीनवर चौकोनाचौकोनांत लोकांची स्वयंपाकघरं दिसत होती. कुणाच्या मागे तांब्याची भांडी टांगलेली, कुणाचं मांजर ओट्यावर, कुणाकडे भर दुपारचं ऊन तर कुणाकडे नुकतं उजाडलेलं. कॉलेजच्या हॉलमध्ये गेले असते तर ही स्वयंपाकघरं थोडीच दिसली असती? तिथे सगळे एकाच टेबलावर, एकसारख्या चमच्याने जेवतात. खरं सांगू, वक्त्यांपेक्षा मी त्यांच्या मागची फडताळंच जास्त बघत होते.

आणि माझ्या मागे? माझ्या मागे आई. वेंगुर्ल्याची. ओट्यापाशी सुका बांगडा भाजत होती, कारण जून-जुलैत मासेमारी बंद. तो वास वायफायने गेला असता तर अर्धी परिषद उठून गेली असती, आणि उरलेली अर्धी जेवायला थांबली असती!

एका संध्याकाळी छोट्या गटात गप्पा चालल्या होत्या. विषय आला सिचुआन मिरीचा. ही मिरी तिखट नसते, ती जिभेला मुंग्या आणते. 2013 मध्ये लंडनच्या संशोधकांनी ओठांवरची ही थरथर मोजली, ती सेकंदाला साधारण 50 वेळा होते. म्हणजे आपल्या घरातल्या विजेइतकीच! मी आईकडे वळून म्हटलं, "अगं, हे आपलं तिरफळच की गं!" तिने बांगडा परतता परतता डबा पुढे सरकवला. मी तो कॅमेऱ्यासमोर धरला. तिरफळ आणि सिचुआन मिरी एकाच कुळातली, हे वनस्पतिशास्त्र सांगतं. पण तिरफळाची टरफलं तेवढी घ्यायची, आतली काळी बी टाकून द्यायची, टरफलं अर्धवट ठेचायची आणि बांगड्याच्या तिखल्यात शेवटी घालायची, हे सगळं आई सांगत होती आणि मी इंग्रजीत कसंबसं पुढे ढकलत होते. 'तिखलं'ला काय म्हणाल इंग्रजीत? मी तिखलंच म्हटलं.

मग कॅनडातल्या एका बाई उठल्या आणि त्यांनी सिचुआन मिरीची बाटली आणली. आणखी दोघांनी आणली. माझ्याकडे तिरफळ. एक, दोन, तीन, आणि सगळ्यांनी एकदम चावलं! पुढची दोन मिनिटं कोण म्यूटवर आहे आणि कुणाची जीभ बधिर झालीय, कळेना.

असं असलं तरी उगाच गोडवे गात नाही. कॉलेजच्या हॉलमधली जेवणं हा या परिषदेचा प्राण आहे, आणि तो ऑनलाइन येत नाही म्हणजे नाहीच. दारात उभं राहून होणाऱ्या गप्पा, शेजारच्याच्या ताटात डोकावणं, यातलं काही नाही. मीटिंग संपते तीही एका बटणावर, 'बसा हो, चहा घेऊन जा' म्हणणारं कुणी नसतं. 2022 पासून मंडळी पुन्हा कॉलेजात जमू लागली ते बरंच झालं. सोबत ऑनलाइनचं दारही उघडं ठेवलं, ते माझ्यासारखीच्या दृष्टीने त्याहून बरं. जाणार असाल तर पोटभर जेवून मात्र बसू नका. विषयातला एखादा जिन्नस हाताशी ठेवा, बोलणाऱ्याचं बोलणं चाखत ऐका. जुन्या परिषदांचे निबंधही नेटवर फुकट वाचायला मिळतात, लोकलमध्ये डाउनलोड करून वाचा.

त्या संध्याकाळी कॅनडावाल्या बाईंनी शेवटी विचारलं, तिरफळ ताजं कुठे मिळेल? मी आईला विचारलं. मामाच्या परसात झाड आहे, अजून फळतं. पण सगळ्या अंगाला काटे, आणि वर चढणारे गडी मुंबईला निघून गेलेले. मामा सत्तरीचा. डब्यातलं तिरफळ दोन वर्षांपूर्वीचं होतं.

"झाड आसा गो," आई म्हणाली, "पण चढतलो कोण?"

हे इंग्रजीत सांगायला मला जरा वेळ लागला.