खाडीचा की तळ्यातला?

बाजारात माझ्या पुढच्या बाईंनी जिताड्याचा कल्ला उचलून विचारलं, "खाडीचा की तळ्यातला?" कोळणीनं उत्तराऐवजी भाव सांगितला. बाई निमूट पैसे मोजू लागल्या. प्रश्न माझ्याकडे राहिला.

लिटरभर समुद्रात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. ते माशाच्या अंगातलं पाणी ओढून घेतं, म्हणून समुद्रातला मासा सारखा पाणी पितो, जादा मीठ कल्ल्यांवाटे टाकतो आणि लघवी जपून करतो. नदीतल्या माशाचं उलट. पाणी न पिताच त्याच्या अंगात मुरतं आणि तो ते दिवसभर बाहेर टाकत बसतो. एक जन्मभर तहानलेला, दुसरा जन्मभर ओथंबलेला. जिताडा मात्र दोन्ही संसार करतो.

अलिबाग-पेणच्या खारेपाटात माझं आजोळ. तिथली जमीनच समुद्राकडून हिसकावलेली. बाहेर मातीचा बांध, बांधात उघाडी. ओहोटीला शेतातलं पाणी तिची झडप ढकलून बाहेर पडतं. भरतीला खाडीच ती झडप दाबून धरते. खारी माती पावसानं धुतली की मग भात. घरामागे तळं होतं. पावसाळ्यात खाडीतून जिताड्याची बोटभर पिल्लं आणून मामा त्यात सोडायचा, आणि मग त्यांची चौकशी घरातल्या पोरांपेक्षा जास्त व्हायची. तळ्यातली कोळंबी, बारीक मासळी खाऊन ते माजायचे. संध्याकाळी पाण्यात खळबळ झाली की मामी चुलीपुढूनच वजन सांगायची. कोणता जिताडा जावयाचा, कोणता पुण्याच्या पाहुण्यांचा, कोणता कचेरीत अडलेल्या कागदाचा, हे आधीच ठरलेलं. कागद सुटायचा. उन्हाळ्यात पाणी आटलं की निम्मी आळी जाळी घेऊन चिखलात. एवढं कोडकौतुक होऊनही तळ्यात पिल्लं कधी झाली नाहीत. जिताडा आधी नर असतो, काही वर्षांनी मादी होतो, आणि त्याच्या अंड्यांना खारंच पाणी लागतं. गोड्या पाण्यात तो नुसता वाढतो.

समुद्रातला मासा मिठाला तोंड द्यायला अंगात अमिनो आम्लं साठवतो. त्यातलं ग्लायसीन चवीला गोड. त्याच कामासाठी साठवलेल्या आणखी एका द्रव्यातून, मासा मेल्यावर, मासळीचा तो वास सुटतो आणि कोकम-चिंचेच्या आंबटानं दबतो. तळ्यातल्या माशाला येतो तो चिखलातल्या सूक्ष्मजीवांचा वास. आजोळचा इतका पाहुणचार झोडूनही मी खाडीच्याच बाजूचा. रोहू तर मला पावसाळ्यातल्या ओल्या भिंतीसारखा लागतो.

हे एका बंगाली स्नेह्याला सांगितलं तर तो दुखावला. त्याचा हिलसा जिताड्याच्या नेमका उलट: वाढतो समुद्रात, अंडी घालायला नदी चढतो. नदीत शिरल्यावरच त्याला खरी चव येते, असं त्याचं म्हणणं. मी वाद घातला नाही. आम्ही तेव्हा हिलसाच खात होतो, आणि त्याला इतके काटे असतात की जेवताना मतभेदाला सवडच मिळत नाही.